मिडलँड ग्रँड हॉटेल : शैली आणि प्रयोजन

लंडनमधील सेंट पँक्रस स्थानकाच्या दर्शनी भागी असलेल्या मिडलँड ग्रँड हॉटेलचा इतिहास बहुधा अभिरुचीच्या चढउतारांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. व्हिक्टोरियाकालीन पिढीने गॉथिक शैलीचा गौरव केला, पुढील पिढ्यांनी तिची अवहेलना केली आणि १९६० नंतर तिला पुनश्च प्रतिष्ठा लाभली, असे या मांडणीचे सूत्र होय. हे सूत्र आकर्षक आहे. तथापि वास्तूच्या उत्कर्षापकर्षाचे कारण केवळ शैलीत शोधणारी ही मीमांसा अपुरी ठरते.

मिडलँड रेल्वे कंपनीने १८६५ साली योजिलेल्या स्पर्धेत जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा आराखडा, अपेक्षेहून मोठा व खर्चिक असूनही, निवडला गेला. हॉटेल १८७३ मध्ये उघडले व १८७६ मध्ये पूर्ण झाले. त्यामागे विल्यम बार्लो यांचे १८६८ चे, सुमारे ७३ मीटर रुंदीचे, एकाच कमानीचे लोखंडी छत आहे. बार्लो यांनी फलाटांखालील खांबांमधील अंतर बर्टनहून येणाऱ्या बिअरच्या पिंपांच्या मापावरून ठरविले. उलट स्कॉट यांनी, आपली वास्तू तिच्या प्रयोजनाच्या मानाने कदाचित अधिकच चांगली झाली, असे आत्मवृत्तात सुचविले. या भेदातच पुढील इतिहासाचे बीज आहे.

सुमारे ३०० खोल्यांच्या या हॉटेलात स्नानगृहे मात्र बोटांवर मोजण्याइतकीच होती. मजले अग्निरोधक व भक्कम असल्याने नवे नळ घालणे दुष्कर झाले. देखभालीचा खर्च वाढत गेला आणि १९३५ साली हॉटेल बंद होऊन तेथे रेल्वेची कार्यालये आली. हा पराभव टोकदार कमानींचा नव्हे, सोयींचा होता.

पुढे पाडकामाचे संकट आले, तेव्हा मात्र अभिरुचीच निर्णायक ठरली. जॉन बेट्जमन, निकोलस पेव्हस्नर प्रभृतींच्या प्रयत्नांनंतर १९६७ मध्ये वास्तूला प्रथम श्रेणीचे संरक्षण मिळाले आणि २०११ मध्ये तेथे पुन्हा हॉटेल सुरू झाले. हॉटेल बंद पडले ते सोयींअभावी, वास्तू वाचली ती अभिरुचीमुळे. ही दोन कारणे एकत्र करणे म्हणजे दोन्ही प्रश्नांना बगल देणे होय.

मुंबईचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या, १८७८ मध्ये आरंभिलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसला सेंट पँक्रसची प्रतिकृती म्हणण्याचा प्रघात आहे. बाह्यरूपातील साम्य नाकारता येत नाही. परंतु ती वास्तू हॉटेल नव्हती, तर स्थानक व रेल्वेचे कार्यालय होती, आणि त्याच कामासाठी ती शतकाहून अधिक काळ वापरात राहिली. स्कॉट यांनी भारतात न येता आराखडे केलेले मुंबई विद्यापीठाचे पदवीदान सभागृह व राजाबाई मनोरा यांचीही तीच कथा. शैली समान, दैव भिन्न. सबब वास्तूच्या समीक्षकाने ती कशी दिसते याबरोबरच तिच्यात माणसे कशी वावरतात, हेही विचारले पाहिजे.