उसनवारीची टक्केवारी

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी अलीकडे एक नवा आकडा ऐकू येतो: ‘सर, माझे बाराच टक्के आले!’ हे परीक्षेतले गुण नव्हेत. प्रबंधातला किती मजकूर अन्यत्र सापडतो, याचे संगणकाने काढलेले ते प्रमाण. कमी आले की पेढे, जास्त आले की घरावर सुतक. या आकड्याचे मोल नेमके किती, ते पाहिले पाहिजे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असतील तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा. साठच्या वर गेले की नोंदणीच रद्द. २०१९ पासून गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ने ‘शोधशुद्धी’ योजनेतून विद्यापीठांना तपासणीची प्रणाली पुरवली. बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठही या नियमांच्या कक्षेत येते. दुसऱ्याच्या प्रबंधातली प्रकरणेच्या प्रकरणे उचलणाऱ्यांना यामुळे धाक बसला, हे मान्य केलेच पाहिजे.

पण ही प्रणाली करते काय? मजकुराचे लहान लहान तुकडे पाडते आणि आपल्या साठ्यातल्या मजकुराशी ताडून पाहते. चोरी कोणती आणि योगायोग कोणता, हे तिला कळत नाही. समजा, निपाणीचा एखादा विद्यार्थी १९८१ च्या तंबाखू आंदोलनावर लिहितो आहे. शरद जोशींचे नाव, शेतकरी संघटना, पुणे-बंगळूर महामार्ग हे शब्द सगळ्यांच्याच लेखनात येणार. ओळीने चौदा शब्दांपर्यंतचे असे साम्य आणि नाव देऊन घेतलेले उतारे नियमानेच वगळले आहेत. पण ते वगळले गेले की नाही, हे अहवाल उघडून वाचणाऱ्यालाच कळते. नुसता आकडा पाहणाऱ्याला नाही.

मग घाबरलेला विद्यार्थी काय करतो? ‘शेतकऱ्यांनी रस्ता अडवला’ हे सरळ वाक्य पुसून ‘कृषीवलांनी मार्ग अवरुद्ध केला’ असे लिहितो. टक्के उतरतात, मराठी मरते. विचार मात्र दुसऱ्याचा तो दुसऱ्याचाच राहतो.

आपल्या दुभाषी मुलखात तर याहून मोठी पळवाट आहे. तोच विद्यार्थी कन्नड पुस्तकातली चार पाने मराठीत उतरवून काढतो आणि मूळ लेखकाचे नाव गाळतो. शब्द वेगळे, लिपी वेगळी. साम्य जवळजवळ शून्य! भाषांतर ओळखण्याचे प्रयत्न काही प्रणालींत झाले आहेत. पण कन्नड-मराठीच्या या आडवाटेवर त्यांच्या भरवशावर राहता येणार नाही. जुन्या दिवाळी अंकांतले, संगणकावर कधी चढलेच नाहीत असे लेखही तिला दिसत नाहीत. म्हणजे घरातल्या माळ्यावरचा अंक उतरवून घेणारा सुटला आणि प्रामाणिकपणे अवतरणे देणारा अडकला, असे व्हायचे.

उसने घेणे हा आपल्याकडे गुन्हा कधीच नव्हता. ज्ञानेश्वरांनी गीतेवर लिहिताना भाष्यकारांना वाट विचारत निघाल्याचे स्वतःच सांगून ठेवले आहे. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८४३ साली जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ मराठी रंगभूमीवर आणले. कालिदासाचे ऋण उघड होते. त्यामुळे चोरीचा प्रश्नच आला नाही. ऋण सांगितले की ती परंपरा होते, लपवले की चोरी.

म्हणून या प्रणालीला न्यायाधीशाच्या खुर्चीवर न बसवता आरशासारखे वापरावे. कच्चा खर्डा तयार झाला की गुरुजींनी विद्यार्थ्याला शेजारी बसवून अहवाल उघडावा. रंगवलेल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारावे, ‘बाळ, हे कुठे वाचलेस? तुला स्वतःला काय वाटते?’ आणि कन्नड पुस्तके कोणती वाचलीस, हेही जरूर विचारावे. दोन भाषांत वाचणे ही आपल्या मुलांची श्रीमंती आहे, ती तळटीपेत अभिमानाने दिसू दे.

सीमाभागातल्या कितीतरी मुलांच्या हातून मराठीत सलग लिहिले जाणारे शंभर पानांचे लेखन बहुधा हे एकच असते. पुढे नोकरीचा कारभार कन्नडात, नाहीतर इंग्रजीत. त्या शंभर पानांत दहा पाने जरी त्याची स्वतःची, त्याच्या घरच्या मराठीत उतरली, तरी पुष्कळ झाले. ती दहा पाने मोजणारे यंत्र अजून निघालेले नाही. ती वाचावीच लागतात.