‘अश्व’ शब्दाची साक्ष

संस्कृत ‘अश्व’, अवेस्ती ‘अस्प’, लॅटिन ‘एक्वुस’, तोखारी ‘यक्वे’ आणि लिथुएनियन भाषेतील घोडीवाचक ‘अश्वा’ हे शब्द एकाच मूळ रूपाकडे नेतात, याविषयी तौलनिक भाषाशास्त्रात वाद उरलेला नाही. वाद आहे तो या शब्दाकडून काय वदवून घ्यावयाचे याचा. मूळ भाषेत अश्ववाचक शब्द होता, म्हणून ती बोलणाऱ्यांनी घोडा माणसाळविला होता, आणि तो जेथे माणसाळला तेच त्यांचे मूलस्थान, अशी अनुमानपरंपरा अनेक ग्रंथांत आढळते. तिची पहिलीच कडी कच्ची आहे. त्याच भाषेत लांडग्यालाही शब्द होता (संस्कृत ‘वृक’). पण त्यावरून लांडगा पाळला गेला होता असे कोणी म्हणत नाही.

व्युत्पत्तीनेही हा प्रश्न सुटत नाही. ‘आशु’, म्हणजे वेगवान, या विशेषणाशी घातलेली सांगड मान्य केली, तरी वेग हा रानातल्या घोड्याचाही गुण आहे. ग्रीक ‘हिप्पोस’ तर नियमांनाच दाद देत नाही. त्यातील इकार अनपेक्षित असून तो मायसीनी लेखांतही आहे. आरंभीचा हकार मात्र मागाहून आलेला दिसतो, कारण ‘ल्यूकिप्पोस’ या विशेषनामात त्याचा मागमूस नाही.

इ. स. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासानुसार आजच्या पाळीव घोड्यांचा वंश व्होल्गा-दोन नद्यांच्या खालच्या प्रदेशातून इ. स. पू. २००० च्या सुमारास दूरवर पसरला. अनातोलियन शाखा त्याच्या कितीतरी आधी विभक्त झाली होती. तरीही तिच्यातील लुवियन भाषेत ‘असुव’ आहेच, आणि बहुतेक अभ्यासक तो वारशाचा मानतात. तेव्हा शब्द या प्रसाराहून जुना ठरतो.

उलट, राबत्या घोड्याची नावे वारंवार बदललेली दिसतात. ‘एक्वुस’ला ‘काबाल्लुस’ने हुसकले आणि त्यातून फ्रेंच ‘शव्हाल’ आला. स्पॅनिशमध्ये जुना शब्द घोडीपुरता ‘येग्वा’ या रूपात तगला. जर्मन ‘प्फेर्ड’ डाकेच्या घोड्याच्या लॅटिन नावावरून आला आहे. मराठी ‘घोडा’ उत्तरकालीन संस्कृतातील ‘घोटक’शी जोडला जातो, त्याचे मूळ इंडो-युरोपीय आहे, असे खात्रीने म्हणता येत नाही. प्राचीन शब्द मराठीच्या बोलण्यात उरला तो ‘स्वार’ या फारसी पाहुण्यात. प्राचीन इराणी ‘असबार’, म्हणजे अश्वाने वाहिलेला, हे त्याचे पूर्वरूप. आणि आता तर सायकलवरही स्वारच बसतो.