हौद, पिंजरा आणि अरण्य : माकडिणीच्या मातृत्वाच्या तीन कथा

प्रस्तावना

भारतीय कथापरंपरेत माकडाइतका बहुरूपी प्राणी क्वचितच आढळतो. पंचतंत्रात तो मगरीला शब्दांत पकडणारा चतुर मित्र आहे. जातककथांत तो स्वतःच्या देहाचा पूल करून प्रजेला वाचविणारा कपिराज आहे आणि अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात त्याचे हे रूप चित्रित झालेले आहे. मराठी भाषेने तर या प्राण्याची विभागणीच केली आहे. काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या वानराला मारुतीरायाच्या नात्याने आदर लाभला. तांबड्या तोंडाच्या माकडाच्या वाट्याला मात्र ‘मर्कटचेष्टा’ आणि ‘माकडाच्या हाती कोलीत’ असे वाक्प्रचार आले.

या सर्व रूपांत एक रूप समीक्षेच्या दृष्टीने उपेक्षित राहिले आहे, ते म्हणजे माकडिणीचे आईपण. प्रस्तुत लेखात लोककथा, प्रयोगशाळा आणि क्षेत्रनिरीक्षण या तीन ठिकाणी माकडिणीचे मातृत्व कसे कथन केले गेले, याचा तौलनिक विचार केला आहे. विज्ञान सत्य सांगते आणि कथा कल्पना सांगते, ही सोयीची विभागणी या उदाहरणापुरती तरी अपुरी पडते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

हौदातील माकडीण

अकबर-बिरबलाच्या कथांपैकी माकडिणीची कथा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आईचे प्रेम श्रेष्ठ की स्वतःचा जीव प्रिय, असा वाद निर्माण होतो. बिरबल एका माकडिणीला पिल्लासह रिकाम्या हौदात सोडतो आणि हौदात पाणी भरू लागतो. पाणी चढते तशी माकडीण पिल्लाला कडेवर, खांद्यावर, डोक्यावर घेते. पाणी नाकातोंडाशी येताच ती पिल्लाला पायाखाली घेऊन त्यावर उभी राहते. जीवापेक्षा प्रिय काही नाही, असे तात्पर्य निघते.

या कथेची रचना बारकाईने पाहिली असता ती बोधकथेपेक्षा प्रयोगाच्या अधिक जवळची वाटते. तिच्यात गृहीतक आहे, बंदिस्त जागा आहे, क्रमाक्रमाने वाढविलेला ताण आहे, निरीक्षक आहेत आणि निष्कर्षही आहे. परंतु ज्याच्या आज्ञेने हौद भरला त्याचा त्या निष्कर्षात कोठेही उल्लेख नाही. माकडिणीपुढे दोनच पर्याय ठेवावयाचे, दोन्ही मरणाचे, आणि त्यांतील एक निवडला म्हणून तिच्या स्वभावाविषयी सिद्धान्त मांडावयाचा, अशी ही रीत आहे. वस्तुतः ही कथा सत्तेविषयी जितके सांगते तितके मातृत्वाविषयी सांगत नाही.

येथे चुल्लनंदिय जातकाची आठवण होते. अंध मातेला वाचविण्यासाठी दोन वानरबंधू शिकाऱ्यापुढे आपापला जीव ठेवतात. शिकारी दोघांनाही मारतो आणि मातेलाही सोडत नाही. त्या कथेत दोष वानरांच्या स्वभावात शोधलेला नाही, तो धनुष्य धरणाऱ्या हाताकडे आहे. हौदाच्या कथेत हा हातच अदृश्य झाला आहे.

पिंजऱ्यातील माता

हौदाची ही रचना विसाव्या शतकात प्रयोगशाळेत पुन्हा भेटते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी ऱ्हीसस माकडांची पिल्ले जन्मानंतर काही तासांतच आईपासून वेगळी केली. त्यांना दोन कृत्रिम माता दिल्या, एक उघड्या तारेची आणि दुसरी मऊ कापडाने मढविलेली. चार पिल्लांना तारेच्या मातेकडून दूध मिळे, चारांना कापडाच्या मातेकडून. परंतु आठही पिल्ले अधिकाधिक वेळ कापडाच्या मातेला बिलगून राहिली. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने, मूल आईला केवळ अन्नासाठी ओळखते, या तत्कालीन वर्तनवादी समजुतीला धक्का दिला. अनाथालये आणि रुग्णालये यांतील बालसंगोपनाचा विचार बदलण्यास या संशोधनाचे साहाय्य झाले, हे नाकारता येणार नाही.

तरीही समीक्षकाला एक प्रश्न पडतो. आईचे महत्त्व सिद्ध करणाऱ्या या कथेत खरी आई कोठे आहे? ती आरंभीच दृश्याबाहेर काढली गेली आहे. पुढे हार्लो यांच्याच प्रयोगांत एकाकी वाढलेल्या माद्या आई झाल्या, तेव्हा त्यांतील अनेकींनी पिल्लांकडे दुर्लक्ष केले किंवा त्यांना इजा केली. या माद्यांना हौदातील माकडिणीच्या भगिनी म्हटले पाहिजे. त्यांचे वर्तन खरे होते, पण ते घडविणारी परिस्थिती माणसाने रचली होती. शिवाय त्या काळी अमेरिकेतील प्रयोगशाळांना ऱ्हीसस माकडांचा पुरवठा मोठ्या प्रमाणावर भारतातून होत असे. ही निर्यात भारताने १९७८ मध्ये बंद केली, हा इतिहास आपल्याकडे मानसशास्त्र शिकविताना क्वचितच सांगितला जातो.

अरण्यातील आई

तिसरी कथा भारतीय भूमीवरच घडली. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी धारवाड परिसरात वानरांचे निरीक्षण केले. कळपावर नव्या नराने ताबा मिळविल्यावर तान्ही पिल्ले मारली जातात, अशी नोंद त्यांनी केली. त्यापूर्वी फिलिस जे यांनी वर्णिलेला वानरसमाज मात्र शांत होता. सारा ब्लॅफर हर्डी यांनी १९७० च्या दशकात अबूच्या पहाडावर अभ्यास करून १९७७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लू मेल्यावर मादी लवकर पुन्हा माजावर येते, म्हणून ही हत्या नराच्या प्रजननाच्या हिताची असते, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. ही गर्दीमुळे उद्भवलेली विकृती आहे, असा प्रतिवाद झाला आणि वाद दीर्घकाळ चालला. १९९९ मध्ये नेपाळमधील रामनगर येथील वानरांच्या डीएनए परीक्षणातून मारेकरी नर हे बळी पडलेल्या पिल्लांचे पिते नव्हते, असे दिसून आले. त्यामुळे हर्डी यांच्या मताला बळ मिळाले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. हर्डी यांच्या वृत्तान्तात मादी निष्क्रिय नाही. ती पिल्लाला घेऊन नराला टाळते, प्रतिकार करते. कळपातील वृद्ध माद्याही संरक्षणासाठी पुढे येतात. वानरांचे नवजात पिल्लू तर आईखेरीज इतर माद्यांच्या हातांतही फिरते. येथे आई एकटी नाही. हौद आणि पिंजरा यांत मात्र ती मुद्दाम एकटी केलेली आहे. १९९९ मधील आपल्या नंतरच्या एका ग्रंथात हर्डी यांनी मातेची निष्ठा ही परिस्थितीसापेक्ष असते, असे विस्ताराने मांडले. म्हणजे मातृत्व ही अढळ देवताही नाही आणि केवळ स्वार्थाचे आवरणही नाही.

हर्डी यांचीही एक कथाच आहे, असा आक्षेप घेता येईल. ‘डावपेच’, ‘हित’, ‘ताबा’ हे शब्द माणसाच्या बाजारातून आणि रणांगणातून आलेले आहेत. डोना हारावे यांनी १९८९ मध्ये वानरविज्ञानाच्या कथनरूपाची चिकित्सा करताना अशाच दिशेने लक्ष वेधले. हा आक्षेप ग्राह्य आहे. मात्र त्यावरून सर्व कथा सारख्याच ठरत नाहीत. अबूची कथा इतरांना पुन्हा तपासता आली, तिच्यावर प्रतिवाद झाला, तीस नवा पुरावा मिळाला. हौदाच्या कथेला अशी तपासणी कधीच द्यावी लागली नाही.

निष्कर्ष

‘निसर्गतःच आई अशी असते’ हे वाक्य आपल्या समाजात स्त्रीविरुद्ध दोन्ही बाजूंनी वापरले जाते. त्याग केला तर तो स्वाभाविक म्हणून त्याचे मोल नाही, आणि न केला तर ती अस्वाभाविक ठरते. अशा वाक्यांना आधार म्हणून माकडिणीला साक्षीस बोलाविले जाते. म्हणून वर्गात बिरबलाची कथा शिकविताना किंवा हार्लो यांचा प्रयोग समजावून सांगताना, आईने काय केले याबरोबरच तिला तेथे कोणी ठेवले हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे मांडणे आवश्यक आहे. भाषा, मानसशास्त्र आणि प्राणिशास्त्र या विभागांनी हा प्रश्न एकत्रितपणे विचारला, तर आंतरविद्याशाखीय अभ्यासाला खरा अर्थ प्राप्त होईल. पाणी सोडणाऱ्याचे नाव घेतल्याखेरीज बुडणाऱ्याच्या स्वभावाचा निवाडा करणे, हे साहित्यातही आणि विज्ञानातही अपुरे वाचन होय.