टीकाकाराविना एक कला

संगणकाला उद्देशून लिहिलेली आज्ञावली ही कलाकृती होऊ शकते काय, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही असे मी समजतो. परंतु ती कलाकृती आहे हे एकदा मान्य केल्यावर तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, तिचे गुणदोष कोणत्या कसोटीवर पारखावेत आणि तिच्यातील उत्तम व मध्यम यांची प्रतवारी कोणी लावावी, या पुढील प्रश्नांचा निकाल लावण्याचे काम मात्र फारसे कोणी अंगावर घेतलेले दिसत नाही. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७४ साली ट्यूरिंग पुरस्कार स्वीकारताना जे व्याख्यान दिले त्याचा विषयच मुळी ‘कला या नात्याने आज्ञावलीलेखन’ हा होता, आणि आज्ञावली रचण्यात कविता किंवा संगीत रचण्यासारखा आनंद असतो हे त्यांनी शास्त्रज्ञांच्या भर सभेत सांगितले होते. त्यास अर्धशतक उलटून गेले. या अवधीत निर्मिती अमाप झाली, प्रदर्शने भरली, बाजारही भरला. उणीव राहिली ती संहिता उघडून वाचणाऱ्याची, आणि या कलेच्या सद्यःस्थितीचा आढावा मी मुख्यतः या उणिवेच्या अंगानेच घेणार आहे.

नाटकाप्रमाणे या कलेलाही संहिता आणि प्रयोग अशी दोन अंगे आहेत, आणि आजवरच्या बहुतेक रसिकांनी प्रयोगावरच संतोष मानला. मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकावर क्रिस्टोफर स्ट्रॅची यांनी १९५२ साली प्रेमपत्रे लिहिणारी एक आज्ञावली रचली. नामे, विशेषणे, क्रियापदे यांच्या याद्या आणि वाक्यांचे मोजके साचे एवढ्या भांडवलावर यंत्र यदृच्छेने शब्द निवडी आणि ‘एम. यू. सी.’ अशी सही करून पत्र पुरे करी. ती पत्रे आज वाचली तर भाबडी आणि अतिशयोक्त वाटतात, आणि तेवढ्यावर निकाल द्यायचा तर या प्रयोगाला साहित्याच्या दरबारात जागा मिळणार नाही. पण स्ट्रॅची यांनी १९५४ साली एका लेखात त्या पत्रांमागील योजना किती साधी आहे हे उलगडून दाखविले, तेव्हा लक्षात येते की पाहण्याजोगी गोष्ट पत्र ही नव्हेच. मूठभर साच्यांतून असंख्य पत्रे निघू शकतील ही रचना, आणि तिच्यातून प्रेमपत्र या लेखनप्रकारातील ठरीवपणावर पडणारा प्रकाश, हेच त्या कृतीचे मर्म आहे. ते संहितेत आहे, पत्रात नाही.

चित्रकलेच्या प्रांतातही हाच प्रकार घडला. फेब्रुवारी १९६५ मध्ये स्टुटगार्ट येथे तत्त्वज्ञ माक्स बेन्झे यांच्या आश्रयाने गेओर्ग नेस यांची संगणकाने काढलेली रेखाचित्रे मांडली गेली, तेव्हा जमलेल्या चित्रकारांपैकी काहींना तो आपल्या व्यवसायाचा अपमान वाटला. त्याच नेस यांचे ‘शॉटर’ हे चित्र आज या कलेतील अभिजात कृती मानले जाते: आडवे बारा आणि उभे बावीस असे चौरस, वरच्या ओळीत शिस्तीने मांडलेले, आणि खाली येता येता तिरपे होत, जागा सोडत, अखेरीस विस्कटून गेलेले. पाहणारा म्हणतो, येथे सुव्यवस्था आणि अव्यवस्था यांचा संघर्ष आहे. संहिता वाचणाऱ्यास मात्र निराळेच काही दिसते, ते असे की त्या आज्ञावलीत सुव्यवस्थेसाठी एक नियम आणि अव्यवस्थेसाठी दुसरा असा भेदच नाही; पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नियम एकच, केवळ एक परिमाण ओळीगणिक वाढत जाते, आणि आपण जिला सुव्यवस्था म्हणतो ती त्या परिमाणाची जवळजवळ शून्य असलेली अवस्था आहे. चित्राचे हे तत्त्वज्ञान चित्राहून मोठे आहे, आणि ते पाहून नव्हे तर वाचून कळते. व्हेरा मोल्नार यांचे या संदर्भात मला विशेष कौतुक वाटते. संगणक हाती येण्यापूर्वी जवळजवळ दहा वर्षे त्या एका कल्पित यंत्राचे नियम स्वतःवर घालून घेऊन हातानेच चित्रे काढीत होत्या, म्हणजे त्यांच्यापाशी संहिता आधी होती आणि यंत्र १९६८ साली मागाहून आले.

यानंतर ज्या परंपरेचा उल्लेख करावयाचा ती विद्यापीठांत किंवा कलादालनांत जन्मली नाही. १९८० नंतरच्या दशकात कमोडोर ६४ या घरगुती संगणकावरील खेळांची कुलुपे तोडून त्यांच्या प्रती वाटणारी युरोपातील तरुण मंडळी आपल्या पराक्रमाची सही म्हणून खेळाच्या आरंभी हलती अक्षरे आणि संगीत असलेला एक छोटासा देखावा जोडू लागली. पुढे कुलुपे तोडण्याचा भाग मागे पडला आणि देखावाच स्वतंत्र कला होऊन बसला. हा डेमोंचा संप्रदाय. त्याचे मेळे भरतात, स्पर्धा होतात, आणि फिनलंडने २०२० साली व जर्मनीने २०२१ साली या संप्रदायाची आपापल्या देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. त्याचा कणा आहे स्वेच्छेने पत्करलेली मर्यादा. ‘एलिव्हेटेड’ ही २००९ सालची कृती केवळ चार किलोबाइटांत हिमाच्छादित पर्वतांवरून विहार घडविते. त्या चार किलोबाइटांत पर्वतांचे एकही छायाचित्र नाही, आहेत ती फक्त पर्वत उत्पन्न करणारी गणिते. याहून कडक व्रत लीनुस ओकेसन यांच्या ‘अ माइंड इज बॉर्न’ या २०१७ सालच्या कृतीचे: कमोडोर ६४ वर चालणारी ही संपूर्ण दृक्‌श्राव्य रचना २५६ बाइटांची आहे. मराठी वाचकाला या आकड्याची कल्पना यावी म्हणून सांगतो की प्रचलित सांकेतिक पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे २५६ बाइटांत सुमारे पंचाऐंशी चिन्हे मावतील, आणि तेवढ्यात प्रस्तुत लेखातील एखादे सरासरी वाक्यही पुरे होणार नाही. त्या जागेत ओकेसन यांनी चढत जाणारे, वळणे घेणारे आणि विराम पावणारे संगीत बसविले. त्यातील स्वरावली साठवून ठेवण्यास जागा नव्हती म्हणून अंक सरकवीत जाणाऱ्या एका छोट्या गणिती यंत्रणेतून ती उपजविली आहे. आणि त्यांनी आणखी एक गोष्ट केली जी मला रचनेइतकीच मोलाची वाटते: आपल्या कृतीच्या अंतरंगाचे सविस्तर विवरण त्यांनी स्वतः लिहून प्रसिद्ध केले.

येथे आपल्याकडील काव्यशास्त्राचा जाणकार एक आक्षेप घेईल, आणि तो गंभीरपणे विचारात घेण्यासारखा आहे. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’चा पंधरावा सर्ग आणि माघाच्या ‘शिशुपालवधा’चा एकोणिसावा सर्ग चित्रबंधांनी भरलेले आहेत, चारी दिशांनी सारखेच वाचता येणारे सर्वतोभद्र श्लोक, एका-दोन व्यंजनांत रचलेले श्लोक, असे दुष्कर पराक्रम तेथे आहेत. आनंदवर्धनाने अशा रचनेला काव्याची नक्कल ठरविले आणि मम्मटाने तिला काव्याच्या तीन वर्गांत सर्वांत खालचा दिला. मग २५६ बाइटांचा हा खटाटोप, किंवा १९८४ पासून चालत आलेली सी भाषेतील दुर्बोध आज्ञावल्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा, हा सारा निव्वळ चित्रकाव्याचा अवतार नव्हे काय? माझे उत्तर असे की बराचसा आहे, आणि तसे स्पष्ट म्हणण्याचे धैर्य या क्षेत्रात कोणी दाखवीत नाही म्हणूनच चांगले व सामान्य यांची सरमिसळ झालेली आहे. त्या स्पर्धेतील पुष्कळ आज्ञावल्या केवळ चमत्कृतीच्या धनी आहेत. पण १९८८ साली ब्रायन वेस्टली यांनी पाठविलेली आज्ञावली पाहावी: तिची अक्षरे कागदावर वर्तुळाच्या आकारात मांडलेली आहेत, आणि ती चालविली असता स्वतःच्याच क्षेत्रफळावरून ‘पाय’ची किंमत काढते. अधिक अचूक उत्तर हवे असेल तर वर्तुळ मोठे लिहावे लागते. येथे आकार हा अर्थावर चढविलेला अलंकार राहत नाही. आकार काढून घेतला तर अर्थच उरत नाही. ज्या रचनेत मर्यादा आणि आशय यांचे असे अद्वैत साधले तिला मम्मटाचा खालचा वर्ग लावणे अन्यायाचे होईल, आणि ओकेसन यांच्या कृतीलाही मी याच न्यायाने वर घेतो.

परंतु भारवी आणि माघ आज आपल्याला वाचता येतात ते कोणामुळे, हेही विसरता कामा नये. मल्लिनाथाच्या टीका नसत्या तर ते दोन सर्ग पंडितांखेरीज इतरांना बंदच राहिले असते. आज्ञावलीच्या इतिहासात असा मल्लिनाथ एकदा होऊन गेला. सिडनी येथील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील अध्यापक जॉन लायन्स यांनी १९७७ च्या सुमारास युनिक्स या कार्यप्रणालीच्या सहाव्या आवृत्तीची मूळ संहिता, दहा हजारांहून कमी ओळींची, विद्यार्थ्यांसाठी छापून तिच्यावर ओळीगणिक टीका लिहिली. पुढच्या आवृत्तीच्या परवान्यात संहिता वर्गात शिकविण्यास मनाई झाली, आणि मग या टीकेच्या छायाप्रती, प्रतींच्या प्रती, हातोहात फिरू लागल्या. रीतसर प्रकाशनाचा योग १९९६ साली आला. त्या संहितेच्या २२३८ व्या ओळीवर मूळ लेखकांनी, हे तुम्हाला समजावे अशी अपेक्षा नाही, या आशयाची टीप ठेवली होती. कालांतराने त्या लेखकांपैकी डेनिस रिची यांनी मोकळेपणाने सांगून टाकले की खरे पाहता तेथे काय घडते आहे हे आम्हालाही उमगले नव्हते. एका पिढीने त्या ओळीवर विचार केला तो लायन्स यांनी तिला क्रमांक देऊन वाचकापुढे ठेवले म्हणून.

टीकेचा दुसरा दाखला १९८६ सालचा. जॉन बेंटली यांनी आपल्या नियतकालिक सदरात क्नुथ यांना एक आज्ञावली लिहावयास सांगितली: एखाद्या मजकुरात वारंवार येणारे शब्द मोजून त्यांची उतरत्या क्रमाने यादी करावी. क्नुथ यांनी ती आपल्या लाडक्या पद्धतीने, म्हणजे आज्ञावली आणि तिचे निबंधवजा विवरण एकत्र गुंफून, कित्येक पृष्ठांत सादर केली. आणि बेंटली यांच्या विनंतीवरून डग्लस मॅकिलरॉय यांनी, एखाद्या ग्रंथाचे करावे तसे, तिचे परीक्षण केले. त्यांनी कारागिरीची मनापासून वाखाणणी केली आणि नंतर तेच काम युनिक्समधील तयार साधने एकापुढे एक जोडून सहा ओळींत करून दाखविले. मला या प्रकरणात जयपराजय दिसत नाही. क्नुथ यांनी जे मागितले ते लिहिले. मॅकिलरॉय यांनी विचारले की आधी घडविलेल्या साधनांचा वारसा नाकारून सर्व काही मुळापासून घडविणे हे सौंदर्य की उधळपट्टी. हा शुद्ध साहित्यसमीक्षेचा प्रश्न आहे, आणि तो इतक्या नेमकेपणाने आज्ञावलीला विचारला गेल्याचे दुसरे उदाहरण शोधावेच लागते. क्नुथ यांची ती विवरणात्मक पद्धतीही पुढे रूढ झाली नाही. ‘टेक’ या आपल्या अक्षरजुळणी-प्रणालीची सबंध संहिता त्यांनी १९८६ साली ग्रंथरूपाने छापली, तीतील चूक दाखविणाऱ्यास २०.४८ डॉलरांचे बक्षीस ठेवले, इतके त्यांना वाचक हवे होते. पण त्यांच्या मागून त्या वाटेने जाणारे थोडेच निघाले.

आता ज्या दालनात मराठी वाचकाचा स्वतःचा हक्क पोहोचतो तिकडे वळतो. देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यात सात स्वरांच्या ५०४० तानांचा प्रस्तार आहे आणि खंडमेरूच्या साहाय्याने, क्रमांक दिला असता तान कोणती आणि तान दिली असता तिचा क्रमांक कोणता, हे काढण्याची नष्ट-उद्दिष्टाची रीत आहे. यंत्र नसताना लिहिलेली ती आज्ञावलीच होय. बेर्नार बेल आणि जेम्स किपेन यांनी १९८० नंतरच्या दशकात याच वृत्तीचे एक काम केले: लखनौ घराण्याच्या तबल्यातील कायद्यांचे व्याकरण बांधून ‘बोल प्रोसेसर’ ही आज्ञावली तयार केली. यंत्राने त्या व्याकरणातून पलटे, म्हणजे मूळ कायद्याची रूपांतरे, रचावेत, ते उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्यासारख्या जाणकारांपुढे ठेवावेत, त्यांनी हा चालेल, हा चालणार नाही असा निवाडा द्यावा, आणि त्या निवाड्याबरहुकूम व्याकरण पुन्हा दुरुस्त करावे, असा तो शिरस्ता होता. समीक्षक येथे कृती पुरी झाल्यावर आलेला नाही, तो रचनेच्या आतच बसलेला आहे, आणि या कलेच्या साऱ्या इतिहासात मला हा प्रसंग सर्वांत अनुकरणीय वाटतो. हेच बेल पुढे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्यात गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरील ओव्यांच्या संग्रहकार्यात सामील झाले. त्यांच्या बोल प्रोसेसरच्या लेखनपद्धतीचे ऋण अ‍ॅलेक्स मॅक्लीन यांनी आपल्या ‘टायडल’ या भाषेसाठी मान्य केले आहे, आणि ती भाषा वापरून युरोपातील कलावंत श्रोत्यांपुढे आज्ञावली टंकित करीत, ती भिंतीवर दिसत असताना, संगीत निर्माण करतात. संहिता आणि प्रयोग यांची तेथे एकाच क्षणी गाठ पडते हे खरे. मात्र त्या संहितेत दर घटकेस बदल होत असतो, आणि नाचणाऱ्या श्रोत्याकडून वाचनाची अपेक्षा करणे मला व्यर्थ वाटते.

बाजाराविषयी थोडेच लिहितो. २०२१ साली टायलर हॉब्स यांच्या ‘फिडेन्झा’ या आज्ञावलीची ९९९ चित्रे विकली गेली आणि पुढे त्यांतील काहींना प्रचंड भाव आला. प्रत्येक चित्र खरेदीच्या क्षणी उपजते, कलावंताला निवड करण्याची मुभा नसते, म्हणून नियमच असा घडवावा लागतो की त्यातून निघणारे कोणतेही चित्र उणे ठरू नये. ही कसोटी खरोखर कठीण आहे आणि हॉब्स तीत उतरले. चर्चा झाली ती भावाची. याच्या उलट ‘शेडरटॉय’ या २०१३ पासूनच्या उपक्रमात चित्राशेजारी संहिता उघडी असते, कोणीही ती बदलून पाहावी, आणि वाचक घडविण्याचे काम मला तेथे होताना दिसते. अलीकडे आज्ञावली लिहून देणारी यंत्रे आली आहेत. त्यांनी लिहिलेल्या ओळी माणसे न वाचताच कामाला लावतात, आणि वाचण्याची जी थोडी सवय उरली होती तीही त्यामुळे सुटण्याचे भय आहे.

बोल प्रोसेसरची संहिता आज सर्वांस खुली आहे. तबल्यातील कायदा म्हणजे काय, भरीचा ‘धा’ खालीत ‘ता’ कसा होतो, कोणता पलटा कानाला खटकतो, हे सांगू शकणारे वादक पुण्या-मुंबईत आहेत, आणि व्याकरणाचे नियम वाचू शकणारे आज्ञावलीकारही तेथेच आहेत. या दोघांनी एकत्र बसून, एकच कायदा घेऊन, त्याच्या व्याकरणातील प्रत्येक नियमावर, तो कशासाठी घातला, त्याने कोणते बोल अडविले, कोणते सोडले, आणि उस्तादांनी अमान्य केलेला पलटा कोणत्या नियमाच्या उणिवेमुळे निघाला असावा, अशी ओळीगणिक टीका मराठीत लिहावी. ती पन्नास पृष्ठांची झाली तरी पुरे.