ओसबोर्नची तडजोड आणि याशचा कौल

रुमानियाचे एकीकरण ही तिसऱ्या नेपोलियनची देणगी होती, असे एक मत आहे. त्याउलट राष्ट्रवादी मांडणी परकीय राजदूतांना निव्वळ प्रेक्षक ठरवते. मला दोन्ही मते अपुरी वाटतात.

क्रिमियन युद्धानंतर १८५६च्या पॅरिस तहाने मोल्डाविया आणि वालाशिया या तुर्की अधिसत्तेखालील संस्थानांतील लोकमत आजमावण्याचे ठरले. जुलै १८५७मध्ये मोल्डावियाचा हंगामी कारभारी व्होगोरिदे याने मतदारयाद्यांत फेरफार करून एकीकरणविरोधी निकाल मिळवला. ही लबाडी उघडी पाडली ती त्याच्याच खासगी पत्रांनी. ती त्याची पत्नी कोकुत्सा कोनाकी हिच्यामार्फत बाहेर पडली, असे मानले जाते. कॉन्स्टँटिनोपलमधील फ्रेंच राजदूत थूव्हनेल निवडणूक रद्द करण्यावर अडून बसले. ब्रिटिश राजदूत स्ट्रॅटफर्ड डी रेडक्लिफ यांनी सुलतानाची पाठराखण केली. फ्रान्स, रशिया, प्रशिया आणि सार्डिनिया यांनी तुर्कस्तानशी संबंध तोडले. अखेर ऑगस्टमध्ये ओसबोर्न येथे नेपोलियन आणि ब्रिटिशांची तडजोड झाली: निवडणूक नव्याने होईल, पण फ्रान्स पूर्ण एकीकरणाचा आग्रह सोडील.

म्हणजे ज्या भेटीने मतपेटी वाचवली, तिनेच निकालावर आधी पाणी सोडले. ऑक्टोबरमध्ये मोल्डावियाच्या सभेने ८१ विरुद्ध २ मतांनी एकीकरण मागितले, तरी १८५८च्या पॅरिस करारात दोन राजे, दोन विधानसभा आणि दोन मंत्रिमंडळे कायम राहिली. शिवाय १८५७च्या सभांत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी होते. नव्या करारातील मालमत्तेच्या अटींनी मताधिकार मूठभरांपुरता उरला. लबाडीविरुद्ध लढलेल्या मुत्सद्द्यांना हे खटकले नाही. देणगीचा सिद्धान्त मांडणारे नेमके इथेच गप्प बसतात.

मात्र दोन्ही संस्थानांनी एकच माणूस निवडू नये, असे करारात कुठेही म्हटलेले नव्हते. जुन्या पंचांगाप्रमाणे ५ जानेवारी १८५९ रोजी याशने आलेक्झांद्रू कुझाला निवडले, २४ तारखेला बुखारेस्टनेही. तुर्कस्तान आणि ऑस्ट्रियाला सप्टेंबरपर्यंत मान तुकवावी लागली.

माझ्या मते राजदूतांचे श्रेय इतकेच, की त्यांनी दार पूर्ण बंद होऊ दिले नाही. त्यातून आत शिरण्याची युक्ती रुमानियनांची होती. तिचे श्रेय पॅरिसला देताना मताधिकार गमावलेला शेतकरी विसरला जातो, ही माझी खरी तक्रार आहे.