चोरलेला चंद्र

सणावर लिहिलेल्या गोष्टी उदंड आहेत. पण पुष्कळशा गोष्टींत सण हा दारावरच्या तोरणासारखा असतो. तोरण काढून घेतले तरी घर जागच्या जागी उभे राहते. निकोलाय गोगोलची 'नाताळची आदली रात्र' ही दीर्घकथा त्यांतली नव्हे. १८३२ साली 'दिकांकाजवळच्या शेतवाडीवरील संध्याकाळी' या संग्रहाच्या दुसऱ्या भागात ती आली. मी ती इंग्रजी भाषांतरातून वाचली, तेव्हा तिच्या भाषेच्या गोडीविषयी न बोललेले बरे. बांधणीविषयी मात्र कादंबरी लिहिणाऱ्याला गप्प राहवत नाही.

युक्रेनच्या खेड्यांत त्या दिवशी आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत उपास. मग गहू, मध आणि खसखस यांची 'कुत्या', म्हणजे आपल्या गव्हाच्या खिरीची दूरची बहीणच, आणि तिच्यासह बारा पदार्थांचे निरामिष जेवण. पोरेपोरी पोती घेऊन घरोघर जातात, खिडकीखाली 'कोल्यादकी' गातात आणि मिळालेला खाऊ पोत्यात भरतात.

आता गोगोलची करामत पाहा. वाकुला लोहाराने चर्चच्या भिंतीवर सैतानाची फजिती रंगवली, म्हणून सैतान त्याच्यावर डूख धरून असतो. तो चंद्रच चोरून खिशात घालतो! का? तर काळोखात म्हातारा चुब पाठकाकडे कुत्या खायला जाणार नाही, घरीच बसेल, आणि त्याची लेक ओक्साना हिला भेटणे लोहाराला जमणार नाही. इकडे वाकुलाची आई सोलोखा हिच्याकडे सैतान, गावचा पाटील, पाठक आणि खुद्द चुब एकामागून एक येतात. नवा आला की जुना कोळशाच्या पोत्यात दडतो. एरवी अशा पोत्याकडे कोण ढुंकून पाहील? पण आज कोल्यादकीची रात्र. रस्त्यात पोते दिसले की ज्याला त्याला वाटते, आत खाऊ आहे. रूढी वगळा, गोष्ट तिथेच संपेल.

हे सारे गोगोलला आठवणीतून सुचले असे नाही. १८२९ साली, विशीच्या वयात, त्याने पीटर्सबर्गहून आईला पत्र लिहून गावाकडचे पोशाख, रीतिरिवाज आणि कोल्यादकी यांची माहिती मागवली होती. त्या दूरच्या थंड शहरात बसून त्याने आपले गाव पुन्हा वसवले.

गोष्टीत हसू पुष्कळ आहे, पण त्याखाली एक सल आहे. सैतानाच्या पाठीवर बसून वाकुला राजधानीत पोचतो, तेव्हा सम्राज्ञी कॅथरिनपुढे झापोरोझ्येचे कोसॅक गाऱ्हाणे घेऊन उभे असतात. त्यांचा कोट याच सम्राज्ञीच्या फौजेने १७७५ साली मोडला, हे वाचकाने विसरू नये. ते बोलत असतानाच भाबडा लोहार मध्ये घुसून ओक्सानासाठी तिचे जोडे मागतो. जोडे मिळतात, गाऱ्हाणे राहून जाते. गोगोल एक अक्षरही जास्त बोलत नाही. २०२३ साली युक्रेनने कायद्याने नाताळची सुटी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणली. त्यानंतर हा प्रसंग वाचताना ते अनुत्तरित गाऱ्हाणे अधिकच कानांत राहते.

दोषही सांगितला पाहिजे. कुत्या हे मृतांच्या स्मरणाचेही अन्न आहे. त्या रात्री कित्येक स्लाव घरांत पूर्वजांसाठी ताट मांडून ठेवतात. सणाची ही शांत, घरातली बाजू गोगोलने जवळजवळ सोडून दिली. त्याचे सारे लक्ष रस्त्यावरच्या दंग्याकडे. त्यामुळे कथा थोडी उथळ झाली, असे मला वाटते.

पण शेवट वाचावा. वाकुला चर्चच्या भिंतीवर नरकातला सैतान रंगवतो, आणि आया रडक्या पोराला तो दाखवून गप्प करतात. पोर भीतभीत चित्राकडे पाहते आणि आईला बिलगते. आकाशातला चंद्र चोरणाऱ्याची अखेर पोरांना दाखवायच्या बागुलबुवात व्हावी, हा न्याय फक्त लोककथाच करू जाणे.