भाकरीचा आरोप आणि पाचारण

वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवीत होतो. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंचा संसार मोडला आणि पुन्हा जुळला, हे सांगून झाले तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, टिळकांनाही मिशनचा पगार होता ना? मग ते भाकरीसाठी बाटले असे कुणी का म्हणत नाही?" वर्ग हसला. मला हसू आले नाही.

खामगाव तालुक्यातल्या आमच्या वस्तीत एक म्हातारे सुवार्तिक सायकलवरून येत. त्यांचा बाप माझ्या पणज्याबरोबर मेलेली ढोरे ओढणारा. आमचे घर १९५६ नंतर बौद्ध झालेले. धर्म सोडणे म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायला नको होते. तरीही त्यांची सायकल वळली की आम्ही पोरे म्हणत असू, "गव्हासाठी बाटला." हा शब्द आमचा नव्हता. गावाने आम्हाला दिलेला होता, आणि आम्ही तो आमच्याच माणसावर फेकत होतो.

ख्रिस्ती माणसे ज्याला 'पाचारण' म्हणतात, म्हणजे देवाने सेवेसाठी घातलेली हाक, त्याच्या प्रामाणिकपणाची चर्चा मराठीत पुष्कळ झाली आहे. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' आहे, पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार आहे, 'स्मृतिचित्रे' आहे. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण ज्या भगिनींनी आसरा दिला त्यांनाही बजावले की शास्त्र मी माझ्या सदसद्विवेकाने वाचीन. हे स्वत्व कोणत्याही काळात आदरास पात्र आहे. प्रश्न इतकाच की हा आत्मशोध कोणाच्या नावावर जमा झाला? उच्चवर्णीयाचे धर्मांतर म्हणजे सत्याचा शोध आणि महारामांगांचे धर्मांतर म्हणजे पोटाचा सौदा, ही वाटणी आपल्या साहित्यिक इतिहासाने न बोलता मान्य केली.

आता टिळकांकडे पाहू. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, १९०४ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. परक्यांचा पगार घेणाऱ्याच्या तोंडचा ख्रिस्त या देशाचा कसा होणार, ही टोचणी त्यांना होती. तिचे मोल मी कमी करीत नाही. परंतु पगार सोडल्यावरही कवी म्हणून त्यांचे नाव उरत होते. याच मिशनच्या मंडळ्यांत बहुसंख्य माणसे पूर्वाश्रमीची महार होती. त्यांच्यातल्या उपदेशकाने पगार सोडला तर त्याच्यापुढे काय होते? तीच येसकरकी, तीच वेठ. दारोदार हात पसरून मिळणारी बलुत्याची शिळी भाकर खाल्ली तर माणूस स्वधर्मनिष्ठ, आणि अक्षर वाचून मिळवलेली भाकर खाल्ली तर बाटगा! हा न्याय कुठला? ज्याला पोट भरण्याचा हक्क नाकारला गेला, त्याच्या पाचारणात भाकर असणारच. ती असल्याने पाचारण खोटे ठरत नाही.

मग प्रामाणिकपणा कशावरून ओळखायचा? याचे उत्तर मला लक्ष्मीबाईंपाशी सापडते. टिळकांकडे राहायला आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. पुढे त्यांनी विचाराने जात टाकली, आणि नंतर १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. देवाच्या आधी जातीचा हिशेब! आणि तो हिशेब त्यांनी स्वतःचे हसे करून मांडला, काही झाकले नाही. मर्यादा एवढीच की त्या पुस्तकातले दलित ख्रिस्ती आपल्याला लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांनीच दिसतात. त्यांना काय हाक ऐकू आली हे कळत नाही.

बाबासाहेबांनी मिशनऱ्यांच्या शिक्षणाच्या व आरोग्याच्या कामाचे ऋण मान्य केले. पण ख्रिस्ती झाल्यावरही जात सुटत नसेल तर त्या धर्मांतराने काय साधले, हा सवालही रोखठोक टाकला. त्या सवालाचे चर्चच्या आतून उत्तर देणारा माणूसही मराठीच निघाला. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतनाच्या ब्राह्मणी वळणावर बोट ठेवले. पुढे त्यांनी बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय पुढे आणला. तिथे पहिल्या पिकाची टोपली वेदीपुढे ठेवणारा इस्राएली आधी आपला बाप कोण होता ते सांगतो, मग गुलामी, मग सुटका. निर्मळांच्या मते दलित ख्रिस्ताची श्रद्धाही अशीच आपल्या पूर्वजापासून सुरू व्हायला हवी. माझ्या मते पाचारणाची हीच कसोटी आहे: बाप लपवला की सांगितला?

आणि नेमका बाप सांगण्यालाच कायद्याने दंड ठेवला आहे. १९५० च्या राष्ट्रपती-आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आत घेतले गेले. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. चर्चमध्ये एक नाव, दाखल्यावर दुसरे, असे दुहेरी जगणे त्यातून येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका स्त्रीचा असा दावा संविधानाशी फसवणूक ठरवून फेटाळला. दोन नावांत जगणाऱ्याला अप्रामाणिक म्हणणे सोपे आहे. त्याला दोन नावे कोणी घ्यायला लावली हेही विचारले पाहिजे. चौतीस वर्षे दारात ताटकळलेल्या आपण बौद्धांनी तरी ते विचारावे.

आपल्या जिल्ह्यात बुलढाण्याला नाझरीन, खामगावकडे अलायन्स मिशन, यांनी शंभर वर्षांहून आधी पाय रोवले. त्यांच्या मिशनऱ्यांची चरित्रे निघाली. पायी गावे तुडवणाऱ्या इथल्या सुवार्तिकाचे आत्मकथन मात्र माझ्या वाचनात आलेले नाही. ज्यांच्या घरात असा बाप, आजा, बायबलबाई होऊन गेली असेल, त्यांनी ते लिहावे. आपला धर्म वेगळा आहे म्हणून ती कहाणी परकी होत नाही.

आमच्या वस्तीतले सुवार्तिक आज नाहीत. त्यांची साक्ष कुणी लिहून घेतली नाही. मीही नाही, आणि मला तेव्हा लिहिता येत होते.